आमची वाटचाल : वर्ग, ऑफिस आणि नर्सरी

नर्सरी काढायचं कधी डोक्यातच नव्हतं. आर्किटेक्चर झालं, मग लँडस्केपचं, म्हणजे बागा आणि मोकळ्या जागा आखण्याचं, मास्टर्स केलं, पुण्यात घरातल्याच एका खोलीत ऑफिस थाटलं आणि महिन्याला काहीतरी नक्की हातात यावं म्हणून आठवड्यातले २ दिवस कॉलेजात शिकवायला जायला लागले. सुरुवातीला ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनचा पगार त्या मानधनातूनच निघायचा.

अडलं ते झाडांवर. ड्रॉइंगवर मी पांगारा, वारस, कुडा, पळस अशी आपली देशी झाडं लिहायचे आणि पावसाळ्यात साईटवर जाऊन बघावं तर तिथे फायकस नाहीतर पाम लावलेले. कॉन्ट्रॅक्टर म्हणायचा, मॅडम, तुमची झाडं नर्सरीत मिळतच नाहीत, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच सुमारास वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅम, गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री दक्षिण अमेरिकेतला, हे सगळं कळलं, पण मग आपली झाडं आणायची कुठून?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात वर्गातल्या मुलांना घेऊन मुळशीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात बी गोळा करायला गेलो. मावशीची १० गुंठे जागा पडून होती, तिथे पिशव्या भरल्या. पहिल्या वर्षी जवळपास सगळं फसलं. बहाव्याच्या बीचं कवच इतकं टणक की पाणी आतच शिरत नाही, मग मुलांनी एकेक बी पॉलिश पेपरवर घासलं तेव्हा कुठे कोंब दिसले. पळसाचं बी आम्ही डब्यात जपून ठेवलं होतं, त्यातलं एकही उगवलं नाही, कारण ते पडल्या पडल्या ताजंच पेरावं लागतं. कुड्याच्या जोडशेंगा तडकल्या की बीच्या म्हाताऱ्या होऊन उडून जातात, त्यामुळे त्याआधी गाठावं लागतं. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं असं वाटायचं, पण नव्हतं.

पैशाचं म्हणाल तर रोप विकण्याजोगं व्हायला २-३ वर्षं जातात आणि तोवर माळीकाकांचा पगार थांबत नाही. मध्ये एका बिल्डरनं शेवटचं बिल दिलंच नाही, ते वर्ष शिकवण्यावर निघालं. क्लायंटला १० फुटी झाड हवं असतं, पण पिशवीत फार दिवस राहिलेल्या झाडाची मुळं गोल गोल फिरून गुंतलेली असतात, त्यापेक्षा ३ फुटी रोप नीट खड्ड्यात लावलेलं बरं, हे मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते आणि सांगतच राहणार.

आता बागा बऱ्याचशा पार्किंगच्या स्लॅबवरच असतात, म्हणजे मातीचं सगळं वजन त्या स्लॅबवर येतं. ओली माती घनमीटरला १८०० ते २००० किलो भरते, हा आकडा वर्गात सांगून मुलांना काही वाटत नाही, म्हणून नर्सरीत आणून ओल्या मातीची घमेली उचलायला लावते.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता नर्सरी सांभाळते. ड्रॉइंगवर झाडाचं नाव लिहायच्या आधी मी तिलाच फोन करते, किती रोपं तयार आहेत म्हणून. परवा वारस मागितला तर म्हणाली, "मॅम, अजून एक पावसाळा थांबा."