लावणीचा तास

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला आणि सगळ्यात आधी आठवला तो शेणाचा वास. शाळेमागच्या पडवीतला. शुक्रवारी शाळा सुटली की आठवी 'ब'च्या चार जणांनी घमेलं भरून शेण आणायचं, शनिवारी पडवी सारवायची आणि सोमवारी तिसऱ्या तासाला तिथे नाचायचं. शाळेच्या दप्तरी याची नोंद 'परिसर स्वच्छता' अशी असायची, कारण तास मुळात कार्यानुभवाचा होता. नृत्याचा तास म्हणून वेळापत्रकात काही छापलेलं कधीच नव्हतं.

साल १९९१. बाईंच्या यजमानांची बदली गुहागरच्या बँकेत झाली आणि त्या जूनमध्ये शाळेला मराठीच्या बाई मिळाल्या. मराठी त्या उत्तमच शिकवायच्या, पण त्यावर लिहायला आमच्यापेक्षा हुशार बॅचेस आहेत. कथक त्या पुण्यात शिकलेल्या. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली तिथे नृत्यभारती ही कथकची संस्था सुरू केली, तेव्हा घरंदाज मुलीने पायात घुंगरू बांधायचे म्हटल्यावर घरोघरी काय काय बोललं जायचं, ते बाई रंगवून सांगायच्या. आम्ही नुसते ऐकायचो. आम्हाला त्यातलं नवल कळत नव्हतं. आमच्या वाडीत घुंगरू बांधायचे ते बाप्येच.

म्हणजे जाखडी, कोकणातला लोकनाच. मधे ढोलकीवाला, झांजवाला आणि बुवा बसलेले, भोवती गडी गोल फिरताहेत, प्रत्येकाच्या उजव्या पायात चाळ, म्हणजे घुंगरांचा पट्टा. गणपतीत रात्र रात्र चालायची. शक्तीवाले आणि तुरेवाले हे दोन प्रतिस्पर्धी पक्ष समोरासमोर आले की बारी, म्हणजे त्यांचा सामना, पहाटेपर्यंत संपायची नाही. माझे वडील त्या गोलातले. गिरणीत असताना मुंबईतही नाचायचे. तिथे याला बाल्या नाच म्हणत, आणि म्हणताना तोंडावर थोडं हसू असे. ते हसू मी सुट्टीत मुंबईला गेलो तेव्हा पाहिलं होतं, त्यामुळे शाळेत मी याबद्दल अवाक्षर काढत नसे. वडील काय करतात? गिरणीत होते. बस्स.

शाळेत नाच म्हणजे गॅदरिंग. डिसेंबर उजाडला की कॅसेट यायची, पंधरा दिवसांत नाच 'बसवायचा', गोऱ्या मुली पुढच्या रांगेत, उंच मुली मागे आणि मुलगे पडदा ओढायला. बाईंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "बसवता कशाला? उभा राहू दे की नाच." आम्ही हसलो. शिक्षकांच्या खोलीत कुणी हसलं नाही, असं नंतर कानावर आलं. पण तेव्हाचे हेडसर भले गृहस्थ. त्यांनी आठवड्याचे पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन तास काढून दिले आणि एकच अट घातली, की वर्गात आवाज येता कामा नये. नाचाचा आवाज येता कामा नये! म्हणून पडवी.

पहिले दोन सोमवार खरं तर आम्ही वर्गाबाहेरच्या फरशीवरच पाय आपटले होते. संध्याकाळी टाचा अशा ठणकायच्या की सायकलचं पायडल मारवेना. बाईंनी फरशी सोडली आणि सारवलेली भुई शोधली. भुई पाय आत घेते, फरशी तो परत फेकते, असं त्या म्हणायच्या.

पडवीत पहिला महिनाभर एकही स्टेप नाही. नुसतं चालायचं. सोळा मात्रा मोजत चालायचं. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला हात उघडा. मग तोंडाने म्हणायचं, ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्, आणि तोंडाचं बिनचूक झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. कथकवाले याला पढंत म्हणतात. आम्ही घोकंपट्टी म्हणायचो. अर्धा वर्ग नाचायचा आणि अर्धा समोर बसून बघायचा. बघणाऱ्यांनी शेवटी बोलायचं, मात्र 'छान' या शब्दाला बंदी. काय दिसलं ते सांगा. कुणाचा खांदा वर आला, कोण दम संपला म्हणून लवकर वळलं, कोण शेजारच्याचं बघून नाचतंय. हे बघून बोलण्याचं काम नाचण्याहून अवघड होतं. माझा एक मित्र, आज एसटीत कंट्रोलर आहे, त्याला नाचता अजिबात यायचं नाही, पण त्याच्याइतकं नेमकं कुणाला दिसायचं नाही. त्याला बाईंनी सगळ्यांपेक्षा जास्त गुण दिले. नाचता न येणाऱ्याला नाचाचे गुण, यावरून आमच्यात मोठी भांडणं झाली.

माझं बिंग श्रावणात फुटलं. वाडीत सराव सुरू झाला होता आणि ता थेई करता करता माझा उजवा पाय आपोआप जाखडीचा ठेका घेऊन गेला. बाई थांबल्या.

"हे काय केलंस?"

"काय नाय बाई. चुकलं."

"चुकलं नाही. परत कर."

केलं. पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी साडीचा काठ थोडा वर खोचला, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला शिकव." मी म्हटलं, "असाच टाकायचा." त्या म्हणाल्या, "असाच म्हणजे कसा?"

आता आली पंचाईत. मी ते कधी शिकलोच नव्हतो. चार वर्षांचा असल्यापासून गोलाच्या मागे मागे फिरत होतो, एवढंच. टाच आधी की चवडा? भार कुठल्या पायावर? गुडघा किती वाकतो? चाळ वाजते ती पाय खाली येताना की थांबताना? एकाचंही उत्तर मला देता येईना. बाईंनी तीनदा करून बघितलं आणि तिन्ही वेळा त्यांचा तोल गेला. विशारद झालेली बाई माझ्या पायाकडे बघून अडखळतेय, हे माझ्या तेराव्या वर्षाला पेलणारं नव्हतं. त्या रात्री मी चुलीपुढे वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "असाच टाकायचा."

दुसऱ्या दिवशी मी दप्तरातून त्यांची चाळ नेली. न विचारता. कातडी पट्टा काळा पडलेला, घामाने कडक झालेला, दोन घुंगरांच्या जागी नुसती भोकं. बाईंनी ती हातात घेताना आधी पदराला हात पुसले.

दोन आठवडे लागले. शेवटी आम्ही त्या ठेक्याला आमचे स्वतःचे बोल लावले, फळ्यावर लिहिले, आणि मुलींसकट सगळा वर्ग ते म्हणत गोल फिरला. मुली जाखडीत नसतात, असं मी बजावलं होतं. बाई म्हणाल्या, "असू दे, या पडवीत असतात."

लावणीची गोष्ट याच वर्षातली. बाई एकदा सहज म्हणाल्या, "लावणी कुणी बघितली आहे?" सगळ्यांचे हात वर. बाई चकित. एवढ्या लहान वयात, आणि गुहागर तालुक्यात? थोड्या वेळाने उलगडा झाला की त्या बोलताहेत ढोलकीवरच्या लावणीबद्दल आणि आम्ही भाताच्या. बाई खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुमची लावणी दाखवा."

एक मुलगी उठली. नववारी नेसल्यासारखा स्कर्ट गुडघ्यांत खोचला, कमरेत वाकली आणि डाव्या हातातल्या नसलेल्या जुडीतून उजव्या हाताने नसलेल्या काड्या घेत मागे मागे सरकू लागली. बाईंनी तिला हात हवेत तसाच धरून ठेवायला सांगितला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट टोकांना जुळलेली. "ही चिमूट शास्त्रात आहे," बाई म्हणाल्या. "कटकामुख. नायिका फुलं खुडते ती याच हाताने. तुझी आई दिवसाला किती कटकामुख करते, मोज." त्यांनी अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाचं नाव तेव्हा सांगितलं. त्यातले एकेरी हात, म्हणजे एका हाताच्या मुद्रा, अठ्ठावीस आहेत हेही सांगितलं, पण पाठ करायला लावले नाहीत. उलट आम्हालाच कामाला लावलं. घरी जाऊन बघा, आणखी कुठले हात सापडतात. कुणी जाळं विणणारा हात आणला, कुणी नारळ सोलणारा, कुणी भाकरी थापणारा.

त्यातून वर्षअखेर नाच झाला. गाणं नाही, मृदंग आणि टाळ फक्त. सगळी मंडळी प्रेक्षकांकडे पाठ करून वाकलेली आणि मागे मागे सरकत त्यांच्याच अंगावर येणारी. लावणी मागेच सरकत करतात, त्याला इलाज नाही. मधे पाऊस वाढतो, पाठीवरची इरली सावरली जातात, मात्रा दुप्पट होते. एका स्पर्धेत आम्ही तो नेला. स्पर्धा कुठली ते सोडून द्या. परीक्षकांनी शेरा दिला, 'ही शेतीची कवायत आहे, नृत्य नाही.' पहिला नंबर पुठ्ठ्याच्या माशांसह कॅसेटवर नाचलेल्या कोळीगीताला गेला. परतीच्या टेम्पोत मी रडलो, हे आता कबूल करायला हरकत नाही. बाई म्हणाल्या, "शेती आहे हे ओळखलं ना त्यांनी? सांगितलं होतं का आपण?"

घरी चाळीची चोरी कळली तेव्हा मार बसेल असं वाटलं होतं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शाळंत बी ह्योच नाच शिकवतात, तर मंग फी कशाला भरली?" पुढच्या गणपतीत मात्र त्यांनी ती दोन भोकं भरून घेतली.

बाई तीन वर्षांनी बदलीबरोबर गेल्या आणि तास बंद झाला. पडवीत लाकडं ठेवू लागले.

मी स्वतः आता ठाणे जिल्ह्यात शिक्षक आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ सालीच संगीत, नृत्य, नाट्य आणि दृश्यकला दहावीपर्यंत सक्तीच्या असाव्यात असं लिहून ठेवलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासाचं आणि अभ्यासाबाहेरचं अशी भिंतच नको म्हटलं आहे. कागद चांगले आहेत. प्रत्यक्षात दहावीच्या वर्गात कलेचा तास गणिताला जातो. मीही दिला आहे, खोटं कशाला बोलू. शास्त्रीय नृत्याच्या आणि लोककलेच्या प्रमाणपत्रावर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे हल्ली पालकांचा विरोध कमी झाला. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नृत्यपरीक्षांचे फॉर्म भरायला रांग लागते. दप्तरात लपवून नेलेल्या वस्तूला आता गुण आहेत, याचं मला बरंही वाटतं आणि हसूही येतं. पण त्यातली 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षा झालेल्या मुलीला समोरच्या नाचात काय दिसलं असं विचारलं, तर ती अजून 'छान' म्हणते.

जमेल तेव्हा मी माझा तास घेतो. 'छान'ला बंदी अजून चालू आहे.

महोत्सव समितीने नव्या सभागृहाचा नकाशा पाठवला, तो पाहिला. रंगमंचावर चकचकीत टाइल्स दाखवल्या आहेत. कृपा करून त्या घालू नका, पोरांच्या टाचा जातील. सारवण आता कुणी करणार नाही हे मान्य, पण निदान रंगमंचापुरत्या खाली थोडी पोकळी ठेवून लाकडी फळ्या घाला. माझी देणगी पोचली आहे, ती या कामी लावावी. आमच्या परसातला एक फणस वाऱ्याने कलला आहे आणि तो यंदा उतरवायचाच आहे. वडिलांना विचारलं. ते म्हणाले, न्या.