परभणीच्या धुळीत घरातला रेल्वे लेआउट : माझा अनुभव

मराठवाड्यात घरात मॉडेल रेल्वे मांडायची तर रुळांच्या आधी खोलीकडे बघावं लागतं. माझा लेआउट, म्हणजे रूळ, गाव, डोंगर यांची छोटी मांडणी, एचओ मापाचा : १:८७ प्रमाणाचा, १६.५ मिमी गेजचा (दोन रुळांमधलं अंतर) आणि १२ व्होल्ट डीसीवर चालणारा. या मापात चाक रुळाला टेकतं ती जागा टाचणीच्या टोकाएवढी असते. मोटरला मिळणारी सगळी वीज तेवढ्यातूनच जाते. तिथे मातीचा थर आला की इंजिन आधी अडखळतं आणि मग जागेवर थांबतं.

आपल्याकडची धूळ वर्षभर एकसारखी नसते, हे आधी ध्यानात घ्यावं. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला भेगा पडतात, वावटळी उठतात आणि पिठासारखा मऊ फुफाटा घरात शिरतो. सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत भुसा येतो. दिवाळीच्या आगेमागे जिनिंग सुरू होतं आणि मानवत, सेलूच्या बाजूला कापसाचे तंतू तरंगायला लागतात. रुळावर ते दिसतही नाहीत, पण चाकांच्या आसाभोवती गुंडाळले जातात. जालन्यात रोलिंग मिलजवळ राहणाऱ्यांनी लेआउटवरच्या धुळीत चुंबक फिरवून बघावा. त्याला काळी पूड चिकटली तर ती लोखंडाची आहे, आणि तीच पूड मोटरमधल्या चुंबकाला जाऊन चिकटते.

म्हणूनच लेआउटची मोठी साफसफाई मी दिवाळीत करत नाही. घराची करावी, पण तेव्हा बाहेर भुसा आणि कापूस उडत असतो. श्रावणात पावसाची उघडीप बघून करावी. रान हिरवं झालेलं असतं आणि बाहेरचा धुरळा बसलेला असतो.

आता खोली. छताचा चुना किंवा डिस्टेंपर हाताला लागत असेल तर ती पूड रोज लेआउटवर पडणारच. खरवडून प्रायमर आणि प्लास्टिक पेंटचे दोन हात द्यावेत, नाहीतर पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग करावं. खाली सिमेंटचा कोबा असेल तर त्यावर व्हिनाइलचं फ्लोअरिंग टाकावं. शहाबादी फरशी असेल तर सांध्यांमधलं सुटं सिमेंट काढून सांधे पुन्हा भरून घ्यावेत. खिडकीला डासांची जाळी असली म्हणजे झालं असं समजू नये, फुफाटा त्या जाळीतून सरळ आत येतो. चौकटीला ६ मिमीची फोमची पट्टी आणि दाराखाली रबरी पट्टी लावावी. या खोलीत केरसुणी आणायचीच नाही, फरशी फक्त ओल्या फडक्याने पुसायची. स्वयंपाकघर आणि देवघर लागून असेल तर दार बंद ठेवावं. फोडणीच्या वाफेतलं तेल आणि उदबत्तीचा धूर धुळीत मिसळले की ती धूळ ब्रशने निघत नाही.

कूलरबद्दल मी ठाम आहे. लेआउटच्या खोलीत कूलर नको. तो बाहेरची हवा आत ओढतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या जाड धूळ अडवतात, बारीक धूळ अडवत नाहीत. वर दमट हवा खोलीभर पसरते. काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. कोरडी असेपर्यंत ती ब्रशने उडते, ओल लागली की लेआउटवरच्या नकली गवताच्या तंतूंना आणि रुळांखालच्या खडीला धरून बसते. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षारही बारीक तुषारांबरोबर येतात. जमलं तर एसी घ्यावा, खिडक्या बंद ठेवाव्यात आणि त्याची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. नाही जमलं तर कूलर शेजारच्या खोलीत ठेवावा आणि तो चालू असताना लेआउट झाकलेला असावा.

एक्झॉस्ट फॅनही इथे उलटा पडतो. तो खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा प्रत्येक फटीतून धूळ घेऊन आत येते. तोच ९ इंची पंखा हवा आत ढकलेल असा बसवून बाहेरच्या बाजूला मोटारीच्या एसीचा केबिन फिल्टर चौकटीत घट्ट लावला तर काम उलट होतं. खोलीत हवेचा दाब किंचित जास्त राहतो आणि फटींतून हवा बाहेर जाते. फिल्टर काळा पडला की बदलायचा, झटकून परत लावायचा नाही.

झाकायला जुनी चादर किंवा धोतर वापरू नये, त्यांचेच धागे पडतात. १०० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद रोलमधून कापून घ्यावा. लेआउटच्या दोन्ही कडांना भोकं पाडून २० मिमी वायरिंग पाइपच्या कमानी बसवाव्यात. सगळ्यात उंच सिग्नल किंवा विजेचा खांब जिथे असेल त्याच्या ५० मिमी वर कमान यावी. काढताना कागद ओढू नये. दोघांनी दोन टोकं धरून मधोमध दुमडावा, धुळीची बाजू धुळीच्या बाजूवर येईल असा. ओढला की वर साठलेली सगळी धूळ खाली लेआउटवरच्या गावावर पडते, शिवाय घासून प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि ते आणखी धूळ ओढतं.

इतकं करूनही थोडी धूळ बसतेच. ती काढण्याआधी सुटी खडी पक्की करावी : एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, ड्रॉपरने सोडायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या (पॉइंटच्या) हलत्या पात्यांजवळ हे मिश्रण अजिबात जाऊ देऊ नये. मग व्हॅक्यूम क्लीनर. मशीन दाराबाहेर आणि नळी आत, कारण त्याच्या मागून निघणाऱ्या हवेत बारीक धूळ असते. नळीच्या तोंडावर पातळ नायलॉनचा मोजा ताणून रबरबँड लावावा, म्हणजे सुटलेलं झाड किंवा माणूस मोज्यावर अडकतो आणि परत मिळतो. डाव्या हातात नळी, उजव्या हातात १ इंची मऊ ब्रश. ब्रशने धूळ नळीकडे ढकलायची, नळी पृष्ठभागाला टेकवायची नाही. आधी पाठीमागचं चित्र, मग डोंगर, झाडं, छपरं आणि शेवटी रूळ. ब्लोअरने फुंकू नये, धूळ सांध्यांच्या मोटरमध्ये जाऊन बसते. सुट्या इमारती अंगणात नेऊन ब्रशने झटकाव्यात. रेझिनची नदी डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर केलेल्या मायक्रोफायबरने पुसावी, नळाच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात.

रुळांवरचा काळा थर मात्र नुसत्या धुळीचा नसतो. चाक आणि रूळ यांच्यात सतत बारीक ठिणग्या पडतात, त्यातून धातूचे ऑक्साइड तयार होतात आणि त्यात धूळ, तेल मिसळतं. पॉलिश पेपरने घासू नये, ओरखड्यांमध्ये हीच घाण भरते. बरेच जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ते घाण लगेच काढतं, पण माझ्या रुळांवर थर लवकर परत येतो. रंगाच्या दुकानातल्या मिनरल टर्पेंटाइनने पुसलेले रूळ जास्त टिकतात. अल्कोहोल ध्रुवीय द्रावक आहे, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (द्रावक किती ध्रुवीय आहे याचा अंदाज देणारा आकडा) १८ च्या आसपास. टर्पेंटाइनचा सुमारे २, आणि असं द्रावक ठिणग्यांना कमी वाव देतं असं म्हणतात. थिनर वापरूच नये, रुळांखालचे प्लास्टिकचे स्लीपर विरघळतात. टर्पेंटाइनची वाफ उन्हाळ्यात सहज पेट घेते, म्हणून सकाळच्या थंडाव्यात, रुळांची वीज बंद करून, खिडक्या उघडून आणि जवळपास दिवा नसताना हे काम करावं. फडक्यावर चार-पाच थेंब पुरतात. रुळाची वरची बाजू आणि आतली कड दोन्ही पुसावी, मग कोरडं फडकं फिरवावं. सांध्याच्या पात्यांमध्ये पोस्टकार्डाची पट्टी घालून ओढावी.

रोजच्या चालवण्यासाठी मालगाडीच्या एका बंद डब्याखाली हार्डबोर्डचा २५ बाय ४० मिमी तुकडा, खरबरीत बाजू खाली, दोन खिळ्यांवर सैल लटकवावा. खिळे डब्याच्या तळातल्या भोकांतून वरखाली हलले पाहिजेत. तो डबा कोरडाच गाडीत जोडून फिरवायचा आणि तुकडा काळा झाला की घासून घ्यायचा.

रूळ पुसले आणि चाकं तशीच ठेवली तर पहिल्याच फेरीत घाण परत रुळावर येते. डब्यांची प्लास्टिकची चाकं काढून धातूची घालावीत, प्लास्टिकवर थर लवकर साचतो. आसाभोवतीचा कापूस चिमट्याने धरून ब्लेडने कापावा, ओढला की तो गिअरमध्ये खोल जातो. इंजिनासाठी रुळांवर आडवं फडकं टाकावं, जेमतेम ओलसर. एक बोगी (इंजिनाखालचा चाकांचा संच) फडक्यावर, दुसरी उघड्या रुळावर, इंजिन हातात धरून अर्ध्या वेगाने १०-१५ सेकंद चाकं फिरवावीत. फडक्यावर दोन काळे पट्टे उमटतात. फडकं सरकवून पट्टे फिके होईपर्यंत हेच करावं, मग दुसरी बोगी. रबरी टायर असलेल्या चाकांना टर्पेंटाइन लावू नये. तेल सुईच्या टोकाने, एका बेअरिंगला एक थेंब, बाहेर ओघळलेलं टिपून घ्यावं. जादा तेल धूळ पकडतं.

मग सगळ्यात हळू वेगाने इंजिन पूर्ण लेआउटवर फिरवून बघावं. एकच इंजिन सगळीकडे अडत असेल तर दोष त्याच्या चाकांत असतो. सगळी इंजिनं एकाच जागी अडत असतील तर तिथल्या फिशप्लेटवर (दोन रूळ जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बोटाने दाबावं. दाबल्यावर इंजिन चाललं तर तो धुळीचा दोष नव्हे, फिशप्लेट सैल झाली आहे. पक्कडने ती घट्ट करावी आणि पलीकडच्या रुळाला फीडरची, म्हणजे वीज पोचवणारी, स्वतंत्र वायर डाग देऊन जोडावी.