तीन इंची रिव्हॉल्व्हरसाठी होल्स्टर आणि काडतुसे : मार्च ते ऑगस्टची नोंद

रुगर एलसीआरएक्स हे तीन इंची नळीचे, .३८ स्पेशल प्लस-पी (म्हणजे जादा दाबाच्या .३८ स्पेशल) काडतुसांसाठीचे आणि पाच घरांचे रिव्हॉल्व्हर मी फेब्रुवारीच्या अखेरीस घेतले. कोलोरॅडोत ऑक्टोबर २०२३ पासून खरेदी आणि ताबा यांच्यात किमान तीन दिवसांचे अंतर सक्तीचे आहे. ते तीन दिवस मी होल्स्टरची, म्हणजे शस्त्र अंगावर बाळगण्याच्या म्यानाची, छायाचित्रे पाहण्यात घालवले आणि शस्त्र हाती येण्यापूर्वीच एक होल्स्टर मागवून मोकळा झालो. तो होल्स्टर सध्या कपाटात पडून आहे. या सहा महिन्यांत दोन होल्स्टर, चार प्रकारची काडतुसे आणि सुमारे सहाशे फैरी झाल्या, त्यांचा हा हिशेब आहे.

हे रिव्हॉल्व्हर मी कशासाठी बाळगतो, हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे. माझी भटकंती मुख्यतः डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला, पाइक राष्ट्रीय वनातील लॉस्ट क्रीक वाइल्डरनेसमध्ये असते. तिथे काळी अस्वले, पहाडी सिंह, मूस जातीची मोठी हरणे आणि खालच्या उंचीवर रॅटलस्नेक आढळतात. ग्रिझली अस्वल कोलोरॅडोत आता नाही. येथील शेवटचे ज्ञात ग्रिझली १९७९ मध्ये सॅन वान पर्वतांत मारले गेले. माझ्या सॅकच्या डाव्या पट्ट्यावर अस्वलरोधक फवाऱ्याचा डबा असतो आणि पहिला हात त्याच्याकडेच जाईल, असे मी ठरवून ठेवले आहे. रिव्हॉल्व्हर हा त्यानंतरचा उपाय आहे. मोंटाना किंवा अलास्कात जाणाऱ्याने या नोंदीचा आधार घेऊ नये, कारण .३८ स्पेशल हे ग्रिझलीच्या मुलखातले काडतूस नव्हे.

आणखी एक गोष्ट विशेषतः मराठी मंडळींसाठी लिहितो. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार सर्वसाधारणपणे शस्त्र बाळगता येत नाही आणि काडतुसेही बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय त्यांवर विसंबू नये. मी स्वतः ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत थांबलो.

आता होल्स्टर. पहिला होल्स्टर चामड्याचा होता आणि पट्ट्यावर उजव्या कमरेला बसत असे. त्याची शिवण सुबक होती, आणि रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावरून (मागच्या खटक्यावरून) जाणारी, अंगठ्याने उघडायची बटणाची पट्टी शस्त्र घट्ट धरून ठेवत असे. घरात, अंगणात आणि नेमबाजीच्या जागी त्याच्याविषयी तक्रारीला जागा नव्हती. मात्र पाठीवर अकरा किलोंची सॅक चढवली की सॅकचा कमरपट्टा नेमका जिथे बसतो, तिथेच रिव्हॉल्व्हरची मूठ येते. मग एक तर कमरपट्टा सैल ठेवून सगळे वजन खांद्यांवर घ्यावे लागते, किंवा होल्स्टर इतका खाली ओढावा लागतो की चढावर प्रत्येक पावलाला तो मांडीवर आपटतो. एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीत एका खडकावर पाणी पिण्यासाठी बसलो असता, सॅकच्या कमरपट्ट्याने घासून घासून बटण उघडले असल्याचे माझ्या लक्षात आले. रिव्हॉल्व्हर जागच्या जागी होते, पण ते केवळ चामड्याच्या पकडीवर, आणि मागचे किती अंतर मी तसाच चाललो होतो हे कळायला मार्ग नव्हता. त्या दिवशी मी शस्त्र सॅकच्या आत ठेवून परतलो. सॅकच्या तळाशी ठेवलेल्या शस्त्राचा उपयोग केवळ वजन वाढवण्यापुरता असतो, हा साक्षात्कारही त्याच परतीच्या वाटेवर झाला.

चामड्याची दुसरी अडचण पावसाने दाखवली. येथे जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी सरी ठरल्यासारख्या येतात. एकदा भिजलेले चामडे आतून वाळायला दोन दिवस लागतात, आणि तेवढा वेळ शस्त्र त्यात राहिले तर दमट फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखेच होते. होल्स्टर चामड्याचा असो वा नसो, घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर त्यातून काढून, पुसून, वेगळे ठेवायचे ही सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

दुसरा होल्स्टर कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचा आहे आणि तो छातीवर, सॅकच्या पट्ट्यांच्या खालून जाणाऱ्या स्वतंत्र पट्ट्यांवर बसतो. रिव्हॉल्व्हर तिरपे असते, मूठ उजव्या हाताकडे आणि नळी खाली डावीकडे. सॅक काढली तरी होल्स्टर अंगावरच राहतो. विश्रांतीच्या वेळी शस्त्र झाडाला टेकवलेल्या सॅकसोबत मागे राहत नाही, हा लाभ मला बाकी सगळ्या लाभांपेक्षा मोठा वाटतो. चापाभोवतीचे कडे पूर्ण झाकले जाते, आणि शस्त्र आत सरकवले की ‘टक्’ असा आवाज येऊन ते बसल्याची खात्री होते. तोटेही आहेत. वाकून बुटाची नाडी बांधताना मूठ हनुवटीच्या वाटेत येते, आणि शस्त्र बाहेर काढताना नळीचा रोख डावीकडून फिरत पुढे येतो, त्यामुळे डाव्या बाजूला कोणी चालत असेल तर हा होल्स्टर धोक्याचा आहे. माझ्या सोबत्यांना मी उजवीकडून किंवा मागून चालायला सांगतो. अशा आडव्या होल्स्टरमधून शस्त्र उपसायला नेमबाजीच्या बऱ्याच जागी मनाई असते, म्हणून तो सराव मी नकली काडतुसे भरून घरीच करतो. रोज वीस वेळा, भिंतीकडे तोंड करून, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, असा तो क्रम आहे. पहिल्या आठवड्यात डावा हात सवयीने नळीच्या वाटेत येत होता. आता तो आधी छातीवर सपाट ठेवला जातो आणि मगच उजवा हात मुठीकडे जातो.

कायडेक्सची पकड एका स्क्रूने कमी-जास्त करता येते आणि तो स्क्रू चालण्याच्या हादऱ्यांनी सैल होतो. मी त्यावर निळे थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावले आणि स्क्रूच्या डोक्यापासून कायडेक्सपर्यंत पत्नीच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे निघण्यापूर्वी एका नजरेत कळते.

छातीवरच्या होल्स्टरमुळे कायद्याचा एक बारकावा पुढे येतो. डेन्व्हर शहर वगळता कोलोरॅडोत शस्त्र उघडपणे बाळगायला साधारणतः हरकत नाही, परंतु पाऊस आला आणि वरून जाकीट चढवले की तेच शस्त्र लपवून बाळगलेले ठरते, आणि त्यासाठी काउंटीच्या शेरीफकडून परवाना लागतो. मी तो आधीच काढला होता. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१० पासून शस्त्र बाळगण्यास त्या त्या राज्याचा कायदा लागू आहे, पण तेथील माहिती केंद्रासारख्या केंद्र सरकारच्या इमारतीत ते नेता येत नाही. गाडीत ठेवून जायचे, तर जानेवारी २०२५ पासून कोलोरॅडोत कुलूपबंद गाडीत, नजरेआड, कठीण कवचाच्या कुलूपबंद पेटीतच ठेवावे लागते. माझी पेटी पोलादी तारेने आसनाच्या पायाला बांधलेली आहे.

काडतुसांचा भाग अधिक रंजक निघाला. रिव्हॉल्व्हरचे रिकामे वजन सुमारे ४४५ ग्रॅम आहे आणि भरल्यावर ते अर्ध्या किलोच्या जरासे वर जाते. हा हलकेपणा वाटेवर सुखाचा असला, तरी नेमबाजीच्या वेळी त्याची किंमत मनगटाला मोजावी लागते. .३८ स्पेशल काडतुसाच्या आतील दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड आहे आणि प्लस-पीची २०,०००. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, हातात मात्र तसा राहत नाही. दहा यार्डांवरून, उभ्याने, दोन्ही हातांनी मी प्रत्येक प्रकाराच्या पाच-पाच फैरींच्या किमान आठ खेपा झाडल्या. १४८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे छोटे एकक) वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची, पुंगळीच्या कडेपर्यंत आत बसवलेली गोळी, कागदाला पंचने पाडल्यासारखी स्वच्छ गोल भोके पाडते, आणि तिच्या पाचही गोळ्या बहुतेक वेळा पुरीएवढ्या वर्तुळात बसल्या. १५८ ग्रेनच्या साध्या दाबाच्या, सपाट नाकाच्या कठीण शिशाच्या गोळ्यांची पुरी थोडी मोठी झाली. त्याच वजनाच्या प्लस-पी गोळ्यांच्या पहिल्या दोन जवळजवळ पडत, आणि तिसरीपासून मी चाप ओढण्याआधीच दणक्याच्या भीतीने मनगट खाली ढकलू लागल्याने भाकरी होत असे. दोष काडतुसाचा नव्हे, माझा. पण वाटेवर ते काडतूस मीच झाडणार असल्याने हा दोषही हिशेबात धरायला हवा.

हलक्या रिव्हॉल्व्हरची खरी परीक्षा नेमाची नसून गोळी जागेवर राहण्याची आहे. पुंगळीचे तोंड गोळीभोवती दाबून बसवलेले असते, त्याला क्रिंप म्हणतात. फैर झडली की रिव्हॉल्व्हर जोराने मागे येते, त्यासोबत सिलिंडरमधल्या (काडतुसांची घरे असलेल्या फिरत्या दंडगोलातल्या) उरलेल्या पुंगळ्याही मागे खेचल्या जातात, आणि क्रिंप सैल असेल तर आतल्या जड गोळ्या जडत्वामुळे जागीच राहू पाहतात, म्हणजे पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी गोळी सिलिंडरच्या पुढच्या कडेबाहेर डोकावली की सिलिंडर चौकटीला अडकून फिरेनासा होतो, आणि ही गोष्ट चाप कितीही जोरात ओढला तरी सुटत नाही.

पॉनी नॅशनल ग्रासलँडमधील नेमबाजीसाठी राखलेल्या जागेत मी घडीचे टेबल मांडले आणि डिजिटल व्हर्नियरने पाचव्या काडतुसाची लांबी मोजली. वाऱ्याने कागद उडत होते, म्हणून मोजलेल्या काडतुसाच्या बुडाला मार्करने ठिपका देऊन ते शेवटच्या घरात घातले, चार फैरी झाडल्या आणि ते बाहेर काढून पुन्हा मोजले. साध्या दाबाच्या १५८ ग्रेनमध्ये फरक ०.१ मिलिमीटरच्या आत राहिला. प्लस-पीच्या एका खोक्यात मात्र ठिपक्याचे काडतूस १.१ मिलिमीटरने लांबले होते. गोळीवरची वंगणाची खाच, जी आधी पुंगळीत झाकलेली होती, ती आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. दुसऱ्या कारखान्याच्या, खोल क्रिंपच्या प्लस-पीत असे झाले नाही. त्यामुळे ‘प्लस-पी वाईट’ असा निष्कर्ष मी काढत नाही. आपण जे खोके बाळगणार, त्यातलेच काडतूस आपल्याच रिव्हॉल्व्हरमध्ये असे मोजावे, एवढेच यातून निघते. मोजलेले काडतूस पुन्हा शेवटच्या घरात न घालता पहिल्यांदा झाडून संपवावे.

छर्रेदार काडतुसांवर मी आशा ठेवून होतो, ती फोल ठरली. १०० ग्रेन वजनाचे नऊ नंबरचे बारीक छर्रे प्लॅस्टिकच्या टोपीत भरलेले असतात. नळीतील पेचांमुळे टोपी गरगर फिरते आणि छर्रे लगेच पसरतात. दोन मीटरवर कागद चाळणीसारखा झाला, चार मीटरवर मधोमध तळहाताएवढी कोरी जागा राहिली. शिवाय एका खेपेत जड काडतुसांनंतर टोपीच तडकली आणि छर्रे सिलिंडरच्या घरात सांडले, ते टूथपिकने टोकरून काढावे लागले. साप दोन मीटरवर दिसला तर दोन पावले मागे सरणे मला तसेही सोयीचे वाटते. साताऱ्याकडच्या आमच्या गावी आजोबा पावसाळ्यात काठी आपटत चालत आणि घोणस दिसली की थांबून तिला जाऊ देत. रॅटलस्नेक तर बहुतेकदा आधी वाजवून सूचना देण्याइतका सभ्य आहे.

तेव्हा सध्या पाचही घरांत साध्या दाबाची, १५८ ग्रेनची कठीण शिशाची, सपाट नाकाची गोळी आहे आणि वॉडकटर सरावाला. हा निर्णय होईपर्यंत मी मागच्या माशीला, म्हणजे नेम धरण्याच्या मागच्या खुणेला, हात लावला नव्हता, कारण त्याच माशीवर हलकी गोळी बहुधा खाली आणि जड गोळी वर लागते, आणि प्रत्येक खोक्यासोबत माशी फिरवत बसलो असतो तर कशाचाच हिशेब लागला नसता. ऑगस्टमध्ये ती १५८ ग्रेनसाठी पंधरा यार्डांवर जुळवली.

राहिला प्रश्न हातमोज्यांचा. जाड हातमोज्यातले बोट चापाच्या कड्यात शिरते आणि फैरही होते, पण नंतर मोज्याचे कापड मध्ये येऊन चाप पुरता पुढे परतत नाही आणि दुसरी फैर अडते. पातळ मोजे मागवले आहेत. ते नकली काडतुसांवर तपासून होईपर्यंत बर्फातल्या फेऱ्यांना रिव्हॉल्व्हर घरी राहील आणि फवाऱ्याचा डबा तेवढा सोबत असेल.