तीन वर्षं पडीक पडलेलं रान आणि ट्रॅक्टरची वाट: माझा अनुभव

ट्रॅक्टरची वाट बघण्यात माझे 23 दिवस गेले. ते आठवलं की अजून चिडचिड होते, म्हणून हे लिहायला बसले. गावाकडचं रान दोन-तीन वर्षं तसंच टाकून परत आलेल्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आमचं रान लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. दोन एकर काळी भारी जमीन, कोपऱ्यात विहीर, आणि गावात जुनं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या उपचारासाठी आम्ही तीन वर्षं पुण्यात होतो. रान बटईनं दिलं होतं, पण बटईदारानं पहिल्याच वर्षी सोडलं आणि त्यानंतर कुणी हात लावला नाही. सप्टेंबरच्या शेवटी परत आलो तेव्हा आत्याबाईंचं एकच म्हणणं होतं, "औंदाची येळवस मला आपल्या रानात करायचीय." बाहेरच्यांसाठी सांगते, येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव रानात जेवायला असतं.

घराचं चार दिवसांत उरकलं. फक्त माळवदावरचं गवत उपटू नका. मुळांबरोबर पांढरी माती उचलून येते आणि पुढच्या पावसात तिथूनच गळायला लागतं. आम्ही विळ्यानं बुडापासून कापून घेतलं आणि वर नवी पांढरी टाकली.

रानात मात्र पाऊल टाकायला जागा नव्हती. कमरेएवढं गाजरगवत, बांधावर वेड्या बाभळी, खालच्या अंगाला हराळी आणि कुंदा ही चिवट गवतं. आमच्या विहिरीला कठडा नाही आणि ती कुठे आहे तेच दिसेना. हे लांब काठी पुढे टेकवत चालत होते, मी मागे. एका ठिकाणी काठी टेकलीच नाही, नुसती खाली गेली. गवत तिथेही तसंच उभं होतं, हिरवंगार. त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. विहिरीभोवती चार मेढी रोवल्या आणि माझ्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. तुम्हीही मजूर लावायच्या आधी हेच करा. पायात गमबूट हवेत आणि काठी आपटत चला, अशा रानात सापांचा वावर असतोच.

आता ट्रॅक्टरचं.

माती खालवर करणारा पलटी नांगर गावात एकाकडेच. पहिल्याच दिवशी त्याला रान दाखवलं, 2,000 रुपये आगाऊ दिले. "परवा सकाळी येतो बघा वहिनी," म्हणाला. परवाच्या सकाळी आला नाही. फोन केला तर, "यायलोच." संध्याकाळी फोन केला तर, हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर आहे. सोयाबीनची रास चालली होती. ते संपेपर्यंत हरभऱ्याच्या आणि ज्वारीच्या पेरण्या सुरू झाल्या. ज्यांचं पेरणीचं रान आहे त्यांना ओल हातची जाऊ द्यायची नसते, त्यांचं आधी व्हायला हवं हे मला पटतं. मग तसं पहिल्या दिवशी सांगायचं. "दिवाळीनंतर येतो" म्हणाला असता तर मी दुसरी सोय केली असती. रोज "उद्या" ऐकायचं आणि रोज सकाळी सात वाजता रानात जाऊन उभं राहायचं, याचा मला जास्त राग आला. एके दिवशी दुपारी येतो म्हणाला म्हणून त्याच्यासाठीही भाकरी बांधून नेल्या. लिंबाखाली चारपर्यंत बसले आणि तशाच परत आणल्या. मध्ये दोन दिवस पाऊस झाला. काळ्या रानात वाफसा येईपर्यंत, म्हणजे चिखल सुकून माती मशागतीजोगी होईपर्यंत, चाक घालता येत नाही, तेव्हा आणखी पाच दिवस गेले. तेवढे मी त्याच्या माथी मारत नाही.

पण गाजरगवत कुणासाठी थांबत नाही. आम्ही आलो तेव्हा नुकती पांढरी फुलं धरत होती. पंधराव्या दिवशी शेंडे तपकिरी झाले होते. मी एक फांदी तळहातावर झटकली, तर काळं बारीक बी राखेसारखं पसरलं. एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात. दोन एकरात अशी किती झाडं, हे मोजायची मला हिंमत झाली नाही. बांधावर बसून ते सगळं आपल्याच मातीत पडताना बघत होते.

शेजारच्या रानातल्या काकूंनी त्याच दिवशी मला झापलं. "ट्रॅक्टर येईल तवा येईल, फुलातलं गवत हातानं काढायला काय झालंय?" त्यांचं खरं होतं. मी पहिल्या आठवड्यातच बाया लावायला हव्या होत्या. ओल होती, झाडं मुळासकट सहज आली असती. दुसऱ्या दिवशी सहा बाया घेऊन कामाला लागले. फुलाआधीचं गाजरगवत असेल तर खुशाल खताच्या खड्ड्यात टाका. बी धरलेलं असेल तर ओढत नेऊ नका, शेंडे आधी पोत्यात कापून घ्या. आम्ही पोती एका जागी रिकामी करून जाळली. आणि हातमोजे घालाच. मी दोन दिवस उघड्या हातांनी उपटलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ उठलं, पापण्या सुजल्या. आठ दिवस झोप नव्हती. बायांना मोजे मी दिले होते, स्वतः घातले नाहीत.

तेविसाव्या दिवशी रात्री नऊला ट्रॅक्टर आला. आम्हाला न सांगता. दुसऱ्याच्या पेरणीवरून परत जाताना आमच्या रानात घातला आणि तोही नांगर नव्हे, रोटाव्हेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार. सकाळी गेलो तर रान रांगोळी घालावी इतकं भुसभुशीत. हे खूश झाले. मी खाली बसून माती हातात घेतली. बोटाएवढे, पेराएवढे पांढरे तुकडे, सगळीकडे. हराळी आणि कुंद्याच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं. एका काशीचे दहा तुकडे झाले की दहा झाडं होतात. पंधरा दिवसांत खालच्या अंगाला पूर्वी जिथे ठिगळं होती तिथे सलग हिरवं उगवून आलं. म्हणून सांगते, हराळी-कुंदा असेल तिथे रोटाव्हेटर घालू देऊ नका. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं तापू द्यायची आणि काशा हातानं वेचून बाहेर काढायच्या. याला दुसरा सोपा रस्ता मला तरी दिसला नाही.

दुकानदार ग्लायफोसेट हे तणनाशक घ्या म्हणत होता. 2022 मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या वापरावर बंधन घातलं, ते प्रशिक्षित कीडनियंत्रण करणाऱ्यांकडूनच मारायचं असं ठरवलं. शिवाय बांधापलीकडे काकूंची तूर उभी होती. वाऱ्यानं तुषार गेले असते तर मी त्यांना काय तोंड दाखवलं असतं? घेतलं नाही.

आधी सांगायचं राहिलं, वेड्या बाभळी वरून तोडून उपयोग नाही, बुंध्यापासून पुन्हा फुटतात. टिकावानं फूट-दीड फूट खणून खोडाची गाठ काढावी लागते. आणि पुढच्या पावसाळ्यासाठी मी परभणीच्या कृषी विद्यापीठातून मेक्सिकन भुंगे आणणार आहे. ते गाजरगवताची पानं खातात, 1980च्या दशकात मेक्सिकोतून आपल्या देशात आणलेत. दोन-चार आमच्या बांधावर आपोआप आलेले दिसले. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठे, पांढुरक्या पाठीवर काळपट रेघा. एका पानाची त्यांनी चाळण केली होती.

येळवशीपर्यंत विहिरीजवळचं दहा गुंठे रान साफ झालं. काकूंनी कडबा दिला, त्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी, केली. पूजेचे पाच पांडवांचे दगड मात्र सापडेनात. आत्याबाई काठी टेकत लिंबाच्या बुडाशी गेल्या आणि म्हणाल्या, "हितं उकर." चार बोटं मातीखाली पाचही दगड ओळीनं होते, चुन्याचा पांढरा डाग अजून होता. पुन्हा चुना लावला, पूजा झाली, भज्जी-आंबिलीचं जेवण झालं.

जेवण झाल्यावर आत्याबाई बसल्या जागेवरून कुंद्याच्या काशा उपटून पदरात टाकत होत्या. एप्रिलच्या नांगरटीसाठी मी शेजारच्या गावातल्या ट्रॅक्टरवाल्याशी बोलले आहे. दिवस त्यानं सांगितलाय, आणि पैसे काम झाल्यावर.