हिरवळीवरचा तेलाचा पट्टा

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या मैदानावर सकाळी गवत कापून झाले आणि दुसऱ्या दिवशी हिरवळीच्या मधोमध चार बोटे रुंदीचा, सुमारे पंधरा मीटर लांबीचा तपकिरी पट्टा उमटला. पेठापेठांचा फुटबॉल ज्या कोल्हापुरात एवढ्या जिव्हाळ्याने पाहिला जातो, तिथे मैदानावर असा डाग पाहणे मला फार जड गेले. गवत कापायचे आमचे मशीन हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे; ते शेडमध्ये लावताना तेलगळतीची शंका कोणालाच आली नव्हती, कारण गवतावर पडलेले तेल लगेच दिसत नाही. काम करताना ७०-८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले तेल पाती भाजून काढते आणि ती वाळल्यावरच पट्टा नजरेस येतो. जैवविघटनशील तेलही तेवढेच गरम असते, त्यामुळे ते वापरले तरी हा धोका टळत नाही.

डिपस्टिकवर, म्हणजे टाकीतील तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर, विसंबणे ही आमची चूक होती. टाकीत २५ लिटर तेल असेल आणि तापमान ५० अंशांनी वाढले, तर प्रसरणामुळे त्याचे आकारमान पाऊण लिटरहून अधिक वाढते. म्हणजे अर्धा लिटर तेल गळून गेले, तरी गरम यंत्रात पातळी जागच्या जागी दिसू शकते. पातळी थंड यंत्रावर, सपाट जागी आणि रोज एकाच वेळी पाहिली तरच तिला अर्थ आहे. होज (दाबाखालचे तेल नेणारी रबरी नळी) फुटला तर मात्र हिशोब वेगळाच होतो: मिनिटाला ३० लिटर देणारा पंप सेकंदाला अर्धा लिटर बाहेर फेकतो, आणि ताशी सहा किलोमीटर वेगाने चालणारे यंत्र दहा सेकंदांत सोळा मीटरांहून अधिक अंतर कापते.

आमची गळती पुढच्या रीलकडे, म्हणजे गवत कापणाऱ्या फिरत्या पात्यांच्या दंडगोलाकडे, जाणाऱ्या होजमध्ये निघाली. क्लॅम्प सैल झाल्याने होज लोखंडी पट्टीवर घासत होता; नखाएवढ्या जागेत वरचे रबर झिजून आतली तारेची जाळी उघडी पडली होती आणि तिच्यावर गेल्या पावसाळ्याचा गंज चढला होता. नवा होज शिवाजी उद्यमनगरात क्रिंप करून, म्हणजे टोकांना धातूचे सांधे दाबून बसवून, आणला. तिथल्या कारागिराने जुना तुकडा वाकवून दाखवला, तेव्हा त्या गंजक्या जागेतून तेलाचा बारीक थेंब उभा राहिला.

तेव्हापासून मी धुळीकडे नीट पाहतो. उन्हाळ्यात सुकी तांबडी धूळ सगळीकडेच बसते, परंतु ज्या फिटिंगवर ती काळपट, ओलसर थरासारखी चिकटते, तिथे ओ-रिंग (सांध्यातले रबरी कडे) किंवा सील पाझरत असते. असा सांधा पुसून कोरडा करायचा, त्यावर खडूची भुकटी लावायची, सिमेंटच्या ओट्यावर यंत्र पंधरा मिनिटे चालवायचे आणि बंद करून ओला ठिपका शोधायचा. एवढ्याने न सापडल्यास तेलात चालणारा चमकणारा रंग मिसळून अतिनील टॉर्चने अंधारात पाहता येते.

यंत्र चालू असताना होजवरून हात मात्र कधीही फिरवू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी उच्च दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम किरकोळ दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते, म्हणून तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच जावे लागते. पाहायचेच असेल तर लांब काठीला पुठ्ठा बांधून तो धरावा, आणि होज सोडण्यापूर्वी इंजिन बंद करून दाब पूर्ण उतरवावा.

तो पट्टा आम्ही मातीसकट काढून तिथे नवी हिरवळ लावली. आता रोज संध्याकाळी यंत्राखाली कोरा पुठ्ठा अंथरला जातो आणि सकाळी त्यावर ठिपका दिसला, तर सांधा सापडेपर्यंत यंत्र शेडमधून बाहेर पडत नाही.