उसाच्या हंगामात पहाटे चारला कोल्हापूरहून पुण्याकडे

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-पुणे महामार्गावर अंधारात सगळ्यांत जास्त भीती वाटते ती आपल्याच पुढे, आपल्याच दिशेने, ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चाललेल्या उसाच्या ट्रॉलीची. मागचे दिवे बाहेर आलेल्या उसाखाली झाकलेले, रेडियम चिखलाने माखलेलं. कारखाना चोवीस तास चालतो, त्यामुळे ही वाहतूक रात्रभर थांबत नाही. थंडीत पहाटे चारला कोल्हापूर सोडताना मी सगळं गणित या ट्रॉलीभोवती मांडतो.

गणित असं. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेहतीस मीटर तिथेच संपतात. गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुमारे ७० मीटर लागतात, तेही रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर. डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली झुकवलेला असताना, रेडियम नसलेली काळपट वस्तू पन्नासएक मीटरवर ओळखू येते. ६० च्या वेगाला थांबायला ४५ मीटर पुरतात, म्हणून डिपरवर चालवताना माझा वेग साठच्या वर जात नाही. समोरून कोणी नसेल तेव्हा अप्पर (लांबवर जाणारा झोत) लावून थोडं वाढवता येतं, पण समोर दिवा दिसला की आधी वेग कमी आणि मग डिपर, याच क्रमाने. उलटं केलं तर मधले काही सेकंद आपण न दिसणाऱ्या रस्त्यावर जोरात जात असतो.

निघण्यापूर्वी दिव्यांकडे बघावंच. डिकी सामानाने भरली की गाडीचं नाक वर उठतं आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असतं. आकडा वाढला की झोत खाली येतो. मागे माणसं आणि सामान असेल तर २ किंवा ३ वर ठेवायचं. हॅलोजन दिव्यात ६०/५५ वॅटचा बल्ब असेल तर तोच ठेवावा. शंभर वॅटचा घातला की होल्डर वितळतो, आणि हॅलोजनच्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवला की उजेड विस्कटतो: समोरचा आंधळा होतो आणि आपल्याला लांबचं कमीच दिसतं. समोरची काच आतूनही पुसायची. आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या वाफेचा, धुळीचा पातळ थर असतो, दिवसा तो जाणवतही नाही. रात्री समोरचा दिवा त्यावर पसरून अख्खी काच पांढरी होते.

पंचगंगेचा पूल आणि शिरोली मागे पडलं की किणी टोलनाक्यापर्यंत रस्ता बरा. पुढे पेठ नाक्याला ईश्वरपूरकडून (पूर्वीचं इस्लामपूर) ट्रॅक्टर येऊन मिळतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात, त्यामुळे ओलांडायला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त अंतर लागतं. रिकामी परतणारी ट्रॉली तर आणखी वाईट. भरलेल्या ट्रॉलीचा निदान उसाचा ढीग दिसतो, रिकामीचा फक्त काळा सांगाडा असतो आणि ती उसळत, वेगात जाते. समोरून एकच दिवा येताना दिसला तर मोटरसायकल समजू नये, ट्रॅक्टरचाही एकच दिवा चालू असू शकतो. लांबचा वळसा वाचवायला ट्रॅक्टर उलट्या बाजूनेही येतात. चालकाकडे गाणी मोठ्याने लागलेली असतात. हॉर्नपेक्षा अप्पर-डिपर दिलेला त्याला लवकर कळतो.

बंद पडलेल्या ट्रॉलीमागे दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात. रस्त्यात फांदी दिसली की लगेच वेग कमी करावा. शेतातून येणाऱ्या चाकांचा चिखल, सांडलेला ऊस आणि पाचट यांवर दव पडलं की दुचाकी हमखास घसरते. तिथे वाकून ब्रेक मारू नये, हँडल सरळ ठेवून वेग आधीच उतरवावा. सहापदरीकरणाच्या कामामुळे मध्येच सेवा रस्त्यावर वळवलेलं असतं, तिथे आदल्या महिन्यातली आठवण उपयोगी पडत नाही.

कऱ्हाडला कृष्णा-कोयना भेटतात, आणि तिथून उंब्रजपर्यंत पहाटे साडेपाचच्या आसपास धुकं सापडतं. अप्पर लावला की पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब तो उजेड आपल्याकडेच परत फेकतात. डिपर आणि बंपरमधले फॉग लॅम्प, एवढंच लावायचं. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर. तीस मीटर दिसत असेल तर वेग ४०, त्यावर नाही. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नयेत: वळायचा इशारा हरवतो आणि मागचा समजतो की आपण थांबलोय. काहीच दिसेना झालं तर साईडपट्टीवर थांबणं धोक्याचं. पेट्रोल पंप किंवा धाब्याच्या आवारात गाडी पूर्ण आत घ्यावी.

याच वेळी काच आतून धुरकट होते. हाताने पुसून फक्त चट्टे पडतात. एसी चालू, तापमानाचं बटण गरमकडे, वारा काचेवर आणि बाहेरची हवा आत घेण्याचं बटण चालू. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून थंडीतही तो लागतो. काच बाहेरून धुरकट झाली तर ती फार थंड झालीय. वायपर मारून तापमान वाढवावं.

साताऱ्याच्या आधी शेंद्रे आणि नंतर भुईंज, दोन्हीकडे कारखाने महामार्गालगतच आहेत. ट्रॅक्टर अचानक वळतात, तेव्हा डाव्या लेनमधून ओलांडायचा मोह टाळावा. इथवर उजाडू लागतं आणि बरेच जण दिवे बंद करतात. करड्या उजेडात करडी गाडी दिसत नाही. सूर्य नीट वर येईपर्यंत डिपर राहू द्यावा.

खंबाटकी घाटातल्या जुन्या बोगद्याबाहेर लगेच उतार आणि एसच्या आकाराचं वळण लागतं. बाहेर अजून अंधार असेल तर बोगद्याच्या उजेडातून बाहेर पडताच डोळ्यांना काही क्षण कमी दिसतं. म्हणून गिअर बोगद्यातच खाली आणावा, तिसऱ्यावर इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि वळणात ब्रेक दाबून धरायची वेळ येत नाही. पुढच्या ट्रकपासून चार सेकंदांचं अंतर ठेवावं. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूला उतार संपेपर्यंत लेन बदलू नये.