तुम्ही विचारलंत म्हणून: 'इर'चं 'बोय' कसं होतं?

पुण्यात मी स्पॅनिश शिकवते. नवी बॅच महिनाभराची झाली की एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, 'जाणे' म्हणजे 'इर', मग 'मी जातो' म्हणजे 'बोय' कसं? एक अक्षर तरी जुळतंय का?"

नाही जुळत. मी फळ्यावर मराठीत लिहिते: जातो, गेलो. आता यातलं कुठलं अक्षर जुळतंय? आपलं 'जातो' संस्कृत 'या' धातूवरून आलं, 'गेलो' हे 'गत'वरून. दोन घरांतले धातू एका क्रियापदात नांदतात आणि आपल्या कधी ध्यानातही येत नाही.

स्पॅनिशने तीन घरं जोडली. लॅटिन 'ईरे'चं (संस्कृत 'एति'चं हे भावंडच) मूळ रूप 'इर' राहिलं, शिवाय 'इबा' म्हणजे जात असे आणि 'इरे' म्हणजे जाईन. वर्तमानकाळ 'वादेरे' या दुसऱ्याच लॅटिन क्रियापदाचा: बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. साधा भूतकाळ तर चक्क 'असणे'कडून उसना आणलेला: फ्वी, फ्वीस्ते, फ्वे. त्यामुळे 'फ्वे माएस्त्रो' म्हणजे तो शिक्षक होता, आणि 'फ्वे आ मादरिद' म्हणजे तो माद्रिदला गेला. पुढचं ते इवलंसं 'आ' ऐकू आलं नाही तर पंचाईत. आणि हे 'फ्वी' कुणाच्या नात्यातलं? आपल्या 'भू' धातूच्या, भवति-अभवत्‌वाल्या.

नियम शोधत बसू नका, सरळ घोका. स्पेनमधले लोकसुद्धा 'निघा तुम्ही' म्हणताना 'इदोस' सोडून 'इरोस' म्हणत राहिले. शेवटी 2017 मध्ये भाषेचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या राजअकादमीने तेही चालवून घेतलं.

मी स्वतः मात्र अडकले ती रूपांमध्ये नाही, अर्थामध्ये. कोलंबियात, बोगोता शहरात राहत होते तेव्हा घरमालकीणबाईंनी जेवायला हाक मारली. आपण "आले!" म्हणतो, म्हणून मी 'येणे' वापरून खोलीतूनच ओरडले, "या बेंगो!" तिथे याचा अर्थ होतो, 'जरा जाऊन येते'. म्हणायला हवं होतं "या बोय", म्हणजे शब्दशः 'जातेच आता'. हाकेला ओ देताना 'जाते' म्हणायचं, हे निघतानाही 'येते' म्हणणाऱ्या माझ्या जिभेवर कुठून यायला!

स्वयंपाकघरात पोचले तर बाई माझ्या वाडग्यातलं सूप परत पातेल्यात ओतत होत्या.